पराडकरांच्या बाटल्या, आमचा गुन्हा

कऱ्हाडच्या एस.टी. स्टँडवर मला पोचवायला अर्धी गल्ली आली होती. माझ्यावर त्यांचं एवढं प्रेम होतं असं नाही. परदेशी चाललेलं माणूस जवळून बघायला मिळतंय, म्हणून आली होती. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. थोरले काका भेटेल त्याला सांगत होते, "दुबईला चालली." मी शारजा म्हणून दुरुस्त केलं की समोरचा क्रिकेटच्या मॅचचा विषय काढायचा आणि मग माझ्याकडे कुणी बघायचंच नाही. ज्या मामींनी लग्नात माझ्या रंगावरून टोमणे मारले होते, त्यांनी त्या दिवशी माझ्या हनुवटीला हात लावून परफ्यूमची फर्माईश केली. आई तेवढी बाजूला उभी होती. मुंबईची गाडी लागली तेव्हा ती जवळ आली आणि एवढंच म्हणाली, "परक्या मुलखात ताक मागायची वेळ आली तर भांडं लपवू नकोस. पुढे धर."

मला वाटलं, आईला दुसरं काही सुचलं नसेल.

तुमच्यापैकी जे मागे राहिलात त्यांना वाटतं, आम्ही गेलो म्हणजे मोठे झालो. आणि जे आमच्यासारखे निघालात ते तसंच वाटू देता. म्हणून हे दोघांसाठी लिहिते आहे.

माझा नवरा सुधीर सांगलीचा, सिव्हिल ड्राफ्ट्समन. माझ्याआधी सहा महिने शारजाला गेलेला. अल मजाजमध्ये आम्हाला एका उंच इमारतीत मागच्या बाजूचा फ्लॅट मिळाला. पुढच्या बाजूच्या फ्लॅटमधून खाडीचं पाणी दिसायचं. आमच्या खिडकीतून दुसऱ्यांचे एसी दिसायचे. मला इंडियन स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायची नोकरी लागली. पुढच्या वर्षी रुचा झाली. चांगलं चाललं होतं. पण तिथे कायमचं असं कुणाचंच काही नव्हतं. पासपोर्टवर तीन वर्षांचा शिक्का. नोकरी गेली की शिक्का खलास. आयुष्य तिथे घालवलेला माणूससुद्धा तीन-तीन वर्षांचाच रहिवासी. त्यामुळे माणसं फर्निचर घेताना सुद्धा विकायला सोपं जाईल असं बघून घ्यायची. मित्रही तसेच करायची.

पुढच्या बाजूच्या, पाणी दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये पराडकर राहायचे. पुण्याचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर, आणि आमच्या तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. गणपतीत सोवळं नेसून आरतीचं ताट पहिलं हातात घेणार ते. मुलांना "मराठी बोला" म्हणून दटावणार ते, आणि त्यांची स्वतःची मुलं "ओके डॅड" म्हणून निघून जाणार. दर गुरुवारी संध्याकाळी, आठवड्याच्या सुट्टीच्या तोंडावर, त्यांच्याकडे निवडक पुरुषांची बैठक बसायची. सुधीर त्या निवडकांत होता याचा त्याला केवढा अभिमान. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं की तो तिथे पाहुणा नाही, हरकाम्या आहे. बर्फ आणायचा सुधीरनं, एअरपोर्टवरून पराडकरांच्या सासूला आणायचं सुधीरनं. मोठ्या माणसानं खांद्यावर हात ठेवला की माझ्या नवऱ्याला तो हात फार वजनदार वाटायचा.

शारजात दारूला पूर्ण बंदी होती. विकणं, बाळगणं, गाडीतून नेणं, सगळं गुन्हा. शेजारच्या अजमानमध्ये मात्र मिळायची, आणि अजमान म्हणजे गाडीनं दहा-पंधरा मिनिटं. बैठकीची दारू तिथूनच यायची. आणायला अर्थात सुधीर जायचा. पराडकरांची गाडी कंपनीची आणि नवी, तिच्यात तसला माल ठेवणं त्यांना बरं वाटत नसे.

एका गुरुवारी दुपारी अजमानहून परत येताना सुधीर राउंडअबाउटला थांबला होता आणि मागच्या पिकअपवाल्यानं त्याला ठोकलं. चूक पूर्ण मागच्याची. पण तिथे अपघात झाला की गाडी हलवायची नाही, पोलीस येईपर्यंत थांबायचं. पोलीस आला. नम्रपणे बोलला, सुधीरला पाणीसुद्धा विचारलं. मग डिकीकडे गेला. डिकी दबून उघडली होती, खोक्यातली एक बाटली फुटली होती आणि त्या उन्हात वास लपायला कुठे जाणार? बाकीच्या बाटल्या सीलबंद होत्या. सुधीर त्या दिवशी थेंबभरही प्यायला नव्हता. त्यानं काही फरक पडत नव्हता.

पोलीस स्टेशनमधून त्याला एक फोन करू दिला. त्यानं तो मला केला नाही. पराडकरांना केला. त्यांच्या कंपनीच्या ओळखी मोठ्या, ते काहीतरी करतील म्हणून. पराडकर काय म्हणाले ते सुधीरनं मला पुढे भेटीच्या जाळीपलीकडून सांगितलं, आणि गंमत म्हणजे तेही त्यांची बाजू घेत सांगितलं. ते म्हणाले होते, "सुधीर, तू कुणासाठी आणत होतास हे मला ठाऊक नाही. माझं नाव घेऊ नकोस. मला फॅमिली आहे."

मला आणि रुचाला बहुधा त्यांनी फॅमिलीत धरलं नव्हतं.

सुधीरनं नाव घेतलं नाही. कोर्टात उभा राहिला, सगळं माझं आहे म्हणाला. महिनाभराची कैद आणि दंड झाला. त्याचा मॅनेजर एक रागीट लेबनीज माणूस होता, त्याला मी कधी कुणाशी धड बोलताना पाहिलं नव्हतं. त्यानं कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं बघणाऱ्या माणसाला, स्वतः पाठवलं आणि सुधीरला देशाबाहेर काढू नका म्हणून रदबदली केली. नोकरीही ठेवली. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, ड्रॉइंग्ज अडलीत, त्याला लवकर पाठव. मंडळातल्या एकाही गोडबोल्यानं यातलं काही केलं नाही.

त्या महिन्यात मराठी मंडळ म्हणजे काय ते मला कळलं. लिफ्टमध्ये बायका मला पाहून पर्समध्ये किल्ली शोधायच्या. मंडळाच्या कोजागिरीला मी पन्नास माणसांचं मसाला दूध करायचं ठरलं होतं; पराडकरवहिनींनी दारात येऊन सांगितलं, "तुम्ही आता दगदग करू नका, आम्ही बघतो." आवाज इतका मऊ की दोन दिवसांनी मला समजलं, मला येऊ नका म्हणून सांगितलं आहे. पुढच्याच गुरुवारी त्यांच्याकडे बैठक बसली. दारू कुणी दुसऱ्यानं आणली असणार. हरकामे मिळायला आमच्या समाजात कधी अडचण पडलेली नाही.

सुधीर सुटून आला तेव्हा बारीक झाला होता आणि फार सौजन्यानं वागत होता. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. महिन्याभरात पराडकरांनी त्याच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला, "झालं ते झालं" म्हणाले, आणि हा पुन्हा बर्फ आणायला लागला.

मग कॅनडाचं वारं आलं. शतक संपायच्या सुमाराला सगळ्या आखातात हाच विषय. शिक्षणाचे पॉइंट्स, भाषेचे पॉइंट्स, वयाचे पॉइंट्स. लग्नाच्या बोलण्यांत पत्रिका बघावी तसे लोक एकमेकांचे पॉइंट्स बघायचे. परमनंट रेसिडेन्सी या दोन शब्दांत इतकी जादू होती, कारण परमनंट काय असतं हे आम्ही विसरलोच होतो. पराडकरांचा अर्ज आधीच गेला होता. सुधीर तोवर दुबईतल्या कंपनीत लागला होता. पराडकरांनी त्याला दुबईच्या करामा भागातल्या एका कन्सल्टंटकडे पाठवलं. नायक त्याचं नाव. ऑफिसात मॅपलच्या पानाचं भलंमोठं चित्र आणि त्याच्याखाली गुळगुळीत केस चोपडलेला नायक. स्वतः तो कधी कॅनडाला गेला नव्हता.

अर्जात प्रश्न सरळ होता: तुम्हाला कोणत्याही देशात कधी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का? मी सुधीरला म्हटलं, हो लिही आणि काय झालं ते लिही. तो दुसऱ्यांचे सल्ले ऐकवायला लागला. नायक म्हणाला होता, "हो" लिहिलं की फाइल कचऱ्यात. पराडकर म्हणाले होते, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड कशाला मारून घ्यायची? मी ऐकलं नाही. केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला एवढं कळतं की भांड्याचं झाकण दाबून धरल्यानं आतली वाफ कमी होत नाही. दोन दिवस घरात अबोला झाला. तिसऱ्या दिवशी सुधीर म्हणाला, लिहिलं हो. मी विश्वास ठेवला आणि माझ्या पानांवर सह्या केल्या.

दीड वर्षानं अबुधाबीत मुलाखतीला बोलावलं. सुधीरनं नवा टाय घेतला होता. मुलाखत घेणारी अधिकारी पन्नाशीची, चष्मेवाली बाई होती. तिनं कागद उलटत शांतपणे विचारलं की तुम्ही इतकी वर्षं दुबईत करामातच राहता का. सुधीर हो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, पत्नीच्या शाळेचं पत्र शारजाचं आहे, मुलीचा जन्म शारजाचा आहे. सुधीर म्हणाला, पत्नीला प्रवासाची सवय आहे. तेव्हा मला उमगलं. त्या काळी पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला ज्या त्या अमिरातीचा वेगळा निघायचा. शारजाचा दाखला काढला असता तर शिक्षा दिसली असती. म्हणून नायकनं आम्हाला कागदावर कायमचं करामात नेऊन बसवलं होतं. त्याच्याच कुणा भावाच्या फ्लॅटमध्ये.

बाईनं तोच गुन्ह्याचा प्रश्न तोंडी विचारला. सुधीर नाही म्हणाला. तिनं पुन्हा विचारला. सुधीरनं त्याच शब्दांत, त्याच सुरात पुन्हा नाही म्हटलं, पाढा म्हणावा तसं. मग ती माझ्याकडे वळली आणि तुम्ही करामात राहता का म्हणून विचारलं.

मी म्हटलं, "नाही. करामात आम्ही भाजी आणायला जातो. आम्ही शारजात राहतो. आणि ह्यांना तिथे शिक्षा झाली होती."

सुधीर खुर्चीत इतका आक्रसला की टाय तेवढा मोठा दिसायला लागला. मी सगळं सांगितलं. अजमान, राउंडअबाउट, फुटलेली बाटली, महिना. पराडकरांचं नाव मात्र घेतलं नाही, कारण त्याची कुणाला गरज नव्हती. बाईनं लिहून घेतलं. पेन ठेवून ती सुधीरला म्हणाली, "सीलबंद बाटल्या गाडीत असणं हा आमच्याकडे असा गुन्हा नाही की ज्यावरून मी तुम्हाला नाकारावं. तुम्ही हे लिहिलं असतंत तर मी निकालाची प्रत मागितली असती आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले असते. आता मला तुमचा एकही कागद खरा धरता येत नाही."

अर्ज फेटाळला गेला. शिक्षेमुळे नाही, ती लपवल्यामुळे.

 शारजात बातमी आमच्याआधी पोचल्यासारखी पसरली. मंडळात एकमतानं ठरलं की बाईनं तोंड उघडलं आणि नवऱ्याचं नशीब घालवलं. पराडकरवहिनी म्हणाल्या, काही गोष्टी बायकांनी पोटात ठेवायच्या असतात. त्यांनी त्या बाटल्यांची गोष्ट किती वर्षं पोटात ठेवली होती हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्या विषयात त्यांचा अधिकार मला मान्य होता. नायकनं फोन उचलणं बंद केलं. आणि पराडकरांना कॅनडाचा कागद मिळाला. कोरी पाटी होती ना त्यांची. ती कोरी कशी राहिली, हे विचारायची कुठल्याच देशाच्या अर्जात सोय नाही. बायकामुलांना तिकडे भाड्याच्या घरात ठेवून ते एकटे शारजाला परत आले, कारण तिकडे त्यांना मॅनेजर म्हणून कुणी विचारलं नाही आणि इथला पगार सोडवत नव्हता.

मी दुसरा अर्ज माझ्या नावानं करायचा ठरवला. माझे पॉइंट्स सुधीरपेक्षा जास्त भरत होते, हे नायकनं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. बाईच्या नावानं अर्ज करायचा हे त्याच्या टाळक्यातच आलं नसावं. सुधीर म्हणाला, त्या प्रश्नापुढे मी "हो" लिहिणार नाही, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, अर्ज लोकांकडे जात नाही. तो रागानं म्हणाला, मग तू आणि रुचाच जा. मी म्हटलं, "जाऊ. पण तू इथे बर्फ कुणासाठी आणणार, ते आधी ठरव." त्यानं तीन आठवडे घेतले. सही केली तेव्हा पेन असं धरलं होतं जणू कुणी हात मुरगाळतंय.

निकालाची प्रत काढायला मी एकटी कोर्टात गेले. वर्षानुवर्षं ज्या कागदाला माझा नवरा घाबरला, ज्याच्यासाठी नायकनं आमचं घर बदललं, पराडकरांनी मैत्री नाकारली, तो कागद एक पान होता. खिडकीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं वाचला, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि तोडक्या हिंदीत विचारलं, "बस, इतना ही?" मी म्हटलं, इतकंच. अरबीचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, शारजाच्या पोलिसांचा दाखला जोडला, आणि पहिल्या अर्जात खोटं लिहिलं होतं हेही पत्रात सरळ लिहिलं. या वेळी मुलाखतीलाही बोलावलं नाही. दोन वर्षांनी व्हिसा लावायला पासपोर्ट मागवले.

आम्ही निघणार कळल्यावर पराडकरांनी आमच्यासाठी निरोपाची बैठक ठेवली. जायचं नाही असं मी म्हटलं होतं. सुधीर म्हणाला, शेवटचं. तिथे ग्लास हातात घेऊन पराडकरांनी सगळ्यांना गोष्ट सांगायला सुरुवात केली. आमचा सुधीर कसा वाघ, अजमानहून माल आणताना पकडला गेला, महिनाभर आत बसला पण कुणाचं नाव सांगितलं नाही. "माल माझा होता बरं का," असंही म्हणाले, हसत हसत. आता धोका उरला नव्हता, म्हणून बाटल्या त्यांच्या झाल्या होत्या. लोक हसले. कुणीतरी सुधीरच्या पाठीवर थाप मारली. सुधीरही हसला. मला त्या क्षणी पराडकरांपेक्षा त्याचा जास्त तिटकारा आला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मी म्हटलं, "पराडकरसाहेब, फोनवर काय म्हणाला होतात तेही सांगा ना. गोष्ट अर्धी राहते."

ते म्हणाले, कुठला फोन? मी तो सांगितला. त्यांच्याच शब्दांत, "मला फॅमिली आहे" सकट. कुणी हसलं नाही. पराडकर म्हणाले, वहिनींना जुन्या गोष्टी उगाळायची सवय आहे, आणि बर्फ हवा म्हणून ट्रे सुधीरपुढे धरला. सुधीरनं ट्रेकडे बघितलं. मग उठला, चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबून माझी वाट बघत उभा राहिला. एवढंच केलं त्यानं. पण जवळपास दहा वर्षांत तेवढंही केलं नव्हतं.

टोरोंटोच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला एका खिडकीपाशी शेवटचे दोन-तीन प्रश्न विचारतात. त्यात तो प्रश्न असतोच. मी उत्तर द्यायला पुढे वाकले होते. सुधीर माझ्याआधी बोलला. "येस. इन शारजा. अल्कोहोल." पोरगेल्या अधिकाऱ्यानं मान वर न करता पडद्यावर काहीतरी पाहिलं, शिक्का मारला आणि रुचाला थंडीची टोपी आणली आहेस का म्हणून विचारलं. "इट्स इन द बॅग," रुचा म्हणाली.

आता इथे आम्हाला बरीच वर्षं झाली. मला हे गाव फारसं आवडत नाही. हिवाळा रटाळ आहे, शेजारी हवामानाशिवाय बोलत नाहीत, आणि इथल्या मराठी मंडळातही एक पराडकर आहे. नाव वेगळं आहे. कऱ्हाडला गेले की लोक विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? पूर्वी मी शहराचं नाव सांगायचे. आता सांगत नाही. इथे सुधीर शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून एक बाटली आणतो, कागदी पिशवीतून, भर रस्त्यानं चालत. ओट्यावर ठेवतो. कधी अर्धा ग्लास घेतो, कधी ती आठवडा-आठवडा तशीच पडून राहते. आमच्या घरात आता तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. घर म्हणजे मला तेवढंच हवं होतं.